एका बिअरचे यीस्ट दुसऱ्या बिअरला कसे आणि किती वेळा वापरावे?

मल्हारगंजकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

इंदूरमधल्या एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत मी सहायक म्हणून काम करतो. मुख्य टाक्यांचा कारभार माझ्याकडे नाही. मात्र नव्या पाककृती पडताळून पाहण्यासाठी तिथे वीस लिटरचा एक लहान संच आहे आणि तो चालवण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. बाहेरच्या देशांत घरी बिअर करणारे लोक साधारण याच आकाराची भांडी वापरतात, त्यामुळे माझ्या अडचणीही त्यांच्याच जातीच्या आहेत, आणि मोठ्या ब्रुअऱ्यांसाठी लिहिलेल्या मजकुरात त्यांची उत्तरे नीटशी सापडत नाहीत.

आतापर्यंत आम्ही प्रत्येक बॅचला कोरड्या यीस्टचे ११.५ ग्रॅमचे नवे पाकीट वापरत आलो. हे यीस्ट परदेशातून येते, हवा तो प्रकार हवा तेव्हा मिळेलच असे नाही, आणि मे महिन्यात ते कुरिअरच्या गाडीत किती तास तापत पडले होते हे कळायला मार्ग नसतो. म्हणून फर्मेंटरच्या (आंबवण्याच्या भांड्याच्या) तळाशी उरणारे यीस्ट साठवून पुढच्या बॅचला वापरावे असा विचार सुरू झाला.

एका साध्या फिकट एलच्या तळाचा गाळ मी उकळून गार केलेल्या पाण्यात खंगाळला, जड कचरा खाली बसल्यावर वरचे दुधट पाणी दुसऱ्या बरणीत ओतून घेतले आणि ती बरणी फ्रिजमध्ये ठेवली. मध्ये मोठ्या टाक्यांचे काम निघाल्यामुळे बरणी महिनाभर तशीच राहिली. नंतर त्याच पाककृतीच्या वर्टमध्ये (माल्टच्या न आंबवलेल्या गोड रसात) ते यीस्ट घातले, तर दीड दिवस काहीही हालचाल दिसली नाही. मग आंबणे सुरू झाले, पण घनता (पाण्याची १.००० धरून) १.०४८ वरून १.०१८ वर येऊन अडली. नव्या पाकिटाने हीच बिअर १.०११ पर्यंत सहज उतरते. चवीला आंबटपणा किंवा काही घाण नाही, पण कच्च्या हिरव्या सफरचंदासारखा एक वास मात्र स्पष्ट येतो.

हा संसर्ग समजावा की यीस्टच अशक्त झाले असे समजावे? पाण्याने खंगाळणे आवश्यक आहे का? वीस लिटरला नेमके किती यीस्ट घालावे, ते किती दिवस ठेवावे, आणि एकाच यीस्टच्या किती पिढ्या चालवाव्यात? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

कोठीवाली

मी मूळची इंदूरचीच, रामबागेत वाढलेली. सध्या पुण्यात एका ब्रुअरीत यीस्टचेच काम पाहते. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून मला हा संसर्ग वाटत नाही. संसर्ग असता तर घनता बहुतेक वेळा अपेक्षेपेक्षा खाली गेली असती, वर साय धरली असती किंवा आंबट, औषधी असा काही वास आला असता. उशिरा सुरुवात, वर अडकलेली घनता आणि हिरव्या सफरचंदाचा वास ही तिन्ही लक्षणे जिवंत यीस्ट कमी पडल्याची आणि जे होते तेही दमलेले असल्याची आहेत. तो वास ॲसिटाल्डिहाइडचा. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल करताना मधल्या पायरीवर हा पदार्थ तयार होतो, आणि यीस्ट धडधाकट असेल तर तो शेवटी पुरता वापरला जातो.

आधी संख्येचे पाहू. एल प्रकारच्या बिअरसाठी दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोला (म्हणजे वर्टमधल्या साखरेच्या दर टक्क्याला), साधारण साडेसात लाख जिवंत पेशी धरतात. लागरला याच्या दुप्पट. तुमचे १.०४८ चे वर्ट म्हणजे सुमारे १२ अंश प्लेटो. वीस लिटरचा हिशेब केला तर १८० अब्ज पेशी लागतात. दाट, नीट बसलेल्या स्लरीत, म्हणजे यीस्टच्या घट्ट काल्यात, दर मिलिलिटरला साधारण एक अब्ज पेशी असतात, कधी दीड अब्जापर्यंतही असतात, पण ट्रबचा, म्हणजे यीस्टबरोबर तळाला बसणाऱ्या इतर गाळाचा, भाग लक्षात घेता एकच धरावा. म्हणजे ताज्या स्लरीचे १८० ते २०० मिलिलिटर. खंगाळून वरचे दुधट पाणी घेतल्यावर तुमच्या बरणीच्या तळाला एक-दोन बोटे यीस्ट बसले असेल, आणि महिनाभरानंतर त्यातले जिवंत किती उरले हा वेगळाच प्रश्न.

दुसरे कारण वयाचे. फ्रिजमध्येही यीस्ट जिवंत राहण्यासाठी स्वतःचा साठा खात असते. त्याच्याजवळचे ग्लायकोजेन संपत आले की पेशी मरू लागतात, फुटतात, आणि त्यांच्यातला ऐवज बाहेर पडून उरलेल्यांनाही त्रास देतो. माझ्या कामाचा नियम असा आहे की स्लरी १ ते ४ अंश सेल्सिअसला ठेवावी आणि एका आठवड्यात वापरावी; दोन आठवडे ही शेवटची मुदत. त्यापुढे गेलेली बरणी टाकून द्यायची नसेल, तर आधी लिटरभर पातळ वर्टमध्ये, म्हणजे लिटरला १०० ग्रॅम कोरडा माल्ट अर्क घालून उकळून गार केलेल्या वर्टमध्ये, ते यीस्ट जागे करून घ्यावे आणि मगच मोठ्या बॅचला लावावे.

तिसरे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि मला वाटते तुमच्या बाबतीत तेही घडले असावे. कोरड्या यीस्टचे पाकीट तयार करताना कारखान्यात त्याला भरपूर हवा देऊन वाढवलेले असते, त्यामुळे त्याच्या पेशींत स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लांचा साठा आधीपासून असतो. म्हणूनच पहिल्यांदा पाकीट वापरताना वर्टमध्ये हवा मिसळली नाही तरी फारसे बिघडत नाही. तो साठा पहिल्याच बॅचमध्ये पेशींची संख्या वाढताना वाटला जातो आणि संपतो. दुसऱ्या वेळेला तेच यीस्ट नव्या वर्टमध्ये घातले की त्याला पेशींचे आवरण बांधण्यासाठी प्राणवायू हवाच असतो. पाकिटाच्या सवयीने आपण हवा देत नाही, आणि दुसरी पिढी रडत-खडत चालते. वर्ट २० अंशांपर्यंत गार झाल्यावर, यीस्ट घालण्यापूर्वी किंवा घालताच, फर्मेंटर चांगला काही मिनिटे हलवावा किंवा निर्जंतुक गाळणी लावलेल्या पंपाने हवा सोडावी. हवेने साधारण ८ पीपीएमपर्यंत प्राणवायू विरघळतो आणि मध्यम ताकदीच्या एलला तेवढा पुरतो. एकदा आंबणे जोरात सुरू झाले की मात्र हवेचे नाव काढू नये.

आता गाळ काढण्याविषयी. बिअर दुसऱ्या भांड्यात काढून घेताना तळाशी थोडी बिअर मुद्दाम ठेवावी आणि फर्मेंटर तिरका धरून प्रकाशात पाहावे. अगदी खाली तपकिरी-हिरवट, खडबडीत थर दिसतो. तो हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) चुरा, गोठलेली प्रथिने आणि लवकर मेलेल्या पेशींचा. त्याच्या वर साईच्या रंगाचा, गुळगुळीत, चमच्याने उचलला तर हळूहळू घसरणारा थर असतो. आपल्याला हवे ते यीस्ट हेच. सगळ्यात वर पातळ, धूसर भाग असतो, त्यात उशिरा खाली बसणाऱ्या पेशी असतात. तळाशी ठेवलेली बिअर हलक्या हाताने गोल फिरवली की मधला आणि वरचा थर उचलला जातो आणि खालचा खडबडीत थर बराचसा जागीच राहतो. हे मिश्रण थेट निर्जंतुक केलेल्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ओतावे. बरणीचे तोंड ओतण्याआधी ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्यावे. झाकण घट्ट आवळू नये, कारण यीस्ट फ्रिजमध्येही थोडा कार्बन डायऑक्साइड सोडत राहते आणि घट्ट बंद बरणी फुटू शकते. बरणीवर यीस्टचा प्रकार, कोणत्या बिअरमधून काढले, तारीख आणि पिढी एवढे लिहिल्याशिवाय ती फ्रिजमध्ये जाऊ देऊ नये.

आणि कृपया ही बरणी ज्या फ्रिजमध्ये दही, इडलीचे पीठ किंवा स्वयंपाकघरातले बाकीचे सामान ठेवले जाते तिथे ठेवू नका. रेस्टॉरंटला लागून असलेल्या ब्रुअरीत हा प्रसंग रोज येतो आणि जागा नाही म्हणून आचारी काहीही कुठेही सरकवतात.

---

भिंगवाला

मी इंदूरच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होतो. आता निवृत्त आहे. बिअर हा माझा विषय नव्हे, पण यीस्ट आहे, आणि वर ताईंनी लिहिलेल्या गोष्टींना दोन पुरवण्या जोडाव्याशा वाटतात.

पहिली पुरवणी पाण्याने खंगाळण्याविषयी. इंटरनेटवर ही कृती इतकी प्रसिद्ध झाली आहे की ती केल्याशिवाय यीस्ट साठवताच येत नाही असा समज झाला आहे. प्रत्यक्षात त्या कृतीने फायद्यापेक्षा तोटाच अधिक होतो. तयार बिअरचा सामू ४.२ ते ४.५ च्या आसपास असतो, तिच्यात चार-पाच टक्के अल्कोहोल असते, हॉप्सची कडू आम्ले असतात आणि प्राणवायू जवळजवळ नसतो. बहुतेक उपद्रवी जिवाणूंना ही परिस्थिती मानवत नाही. आपण ती बिअर ओतून देऊन तिच्या जागी पाणी घालतो तेव्हा यीस्टभोवतीचे हे सगळे संरक्षण आपल्याच हाताने काढून टाकतो. सामू उदासीन होतो आणि बरणीत चुकून शिरलेल्या जिवाणूला रान मोकळे मिळते. शिवाय प्रत्येक वेळी बरणी उघडणे, ओतणे, पुन्हा उघडणे यांत हवेतून काहीतरी पडण्याची संधी वाढत जाते. पाणी पुरेसे उकळले नसेल किंवा उकळल्यानंतर झाकण न ठेवता गार होऊ दिले असेल तर तो धोका आणखी वाढतो. यीस्टला स्वतःच्याच बिअरखाली शांत पडून राहू द्यावे हे सर्वांत उत्तम.

आपल्याकडे विरजण वर्षानुवर्षे चालते, मग यीस्ट का चालू नये, असे मला विद्यार्थी नेहमी विचारत. त्याचे कारण असे की दह्यातले जिवाणू काही तासांत दुधाला इतके आंबट करतात की दुसऱ्या कुणाला तिथे पाय रोवता येत नाही. गोड वर्टचा सामू पाचाच्या वर असतो आणि यीस्ट जोर धरेपर्यंतचे पहिले काही तास ते कुणालाही खुले असते. तुमच्या बॅचमध्ये हे काही तास दीड दिवसांचे झाले होते. तरीही बिअर आंबली नाही, यावरून तुमची स्वच्छता चांगली आहे असेच मी म्हणेन.

दुसरी पुरवणी मोजण्याविषयी. अंदाजाने मिलिलिटर धरण्यापेक्षा एक साधे सूक्ष्मदर्शक घ्यावे, ४०० पट मोठे दाखवणारे पुरते. मेथिलीन ब्लूचे ०.०१ टक्के द्रावण २ टक्के सोडियम सायट्रेटमध्ये करून ठेवावे. स्लरीचा थेंब पाण्याने बराच पातळ करून त्यात तेवढेच रंगद्रावण मिसळावे, मिनिटभर थांबावे आणि रक्तपेशी मोजण्याच्या काचपट्टीवर, म्हणजे न्यूबावर चेंबरवर, झाकणकाच ठेवून पाहावे. जिवंत पेशी आत शिरलेला रंग निष्प्रभ करतात म्हणून बिनरंगी, चमकदार कडेच्या दिसतात. मेलेल्या गडद निळ्या होतात. मधल्या २५ चौकोनांतली बेरीज गुणिले दहा हजार गुणिले पातळ केल्याचा पट, एवढा गुणाकार केला की दर मिलिलिटरची संख्या मिळते. दोन चौकोनांच्या रेषेवर पडलेल्या पेशींपैकी वरच्या आणि डाव्या रेषेवरच्याच मोजाव्यात, म्हणजे एकच पेशी दोनदा मोजली जात नाही. कळीला आलेली पेशी आईच्या निम्म्याहून लहान असेल तर ती एकच धरावी, अशी सर्वसाधारण पद्धत आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. जिवंतपणा ९० टक्क्यांच्या खाली गेला की मेथिलीन ब्लू यीस्टला खऱ्यापेक्षा अधिक सुदृढ दाखवू लागते. म्हणून निळ्या पेशी दहांत एकापेक्षा जास्त दिसल्या, की नेमकी टक्केवारी काढत बसू नये. ती स्लरी बॅचला लावू नये, एवढेच ठरवावे.

आणखी एक गोष्ट. इंदूरच्या नळाला येणारे पाणी जलूदहून उचललेले नर्मदेचे असते आणि त्यात क्लोरीन घातलेले असते. बरण्या निर्जंतुक केल्यावर शेवटचे पाणी म्हणून थेट नळाचे पाणी वापरण्याची सवय असेल तर ती सोडावी. एक तर ते पाणी निर्जंतुक नव्हे, आणि दुसरे म्हणजे क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलशी जुळून क्लोरोफिनॉल तयार करते, ज्याचा दवाखान्यासारखा वास अगदी अल्प प्रमाणातही नाकाला कळतो.

---

मल्हारगंजकर

दोघांचेही मनापासून आभार. हवेचा मुद्दा मला पूर्णपणे नवा होता. भिंग ब्रुअरीत आहे. न्यूबावर चेंबर मागवतो.

दोन शंका उरल्या आहेत. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की बरणी वगैरे भानगडच नको. बिअर काढून घेतली की त्याच फर्मेंटरमध्ये, त्याच गाळावर नवे वर्ट ओतावे, काही तासांत फेस वर येतो. दुसरे, जिवाणूंची शंका आल्यास यीस्ट आम्लाने धुतात असे वाचले आहे. ते वीस लिटरच्या पातळीवर करण्यासारखे आहे का?

---

परदेशीपुरा

थोडा विरोधी सूर लावतो. शिकायला इंग्लंडमध्ये होतो तेव्हा घरी बिअर करत असे. तिथे १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की ज्याच्याकडे दर आठवड्याला बॅच होत नाही त्याने यीस्ट साठवण्याच्या फंदात पडू नये. मोठ्या ब्रुअरीत यीस्ट एका टाकीतून निघते आणि एक-दोन दिवसांत दुसऱ्या टाकीत जाते, म्हणून तिथे ते सुदृढ राहते. लहान संचावर महिन्याला एखादी बॅच होत असेल तर प्रत्येक वेळी म्हातारे यीस्ट जागे करा, स्टार्टर करा, मोजा, आणि एवढे करून बिघडलेच तर माल्ट, हॉप्स आणि अख्खा दिवस वाया. पाकिटाची किंमत त्यापुढे काहीच नाही. पाकीट तापून येण्याची भीती असेल तर मार्चच्या आधी वर्षभराचा साठा मागवून फ्रिजमध्ये ठेवावा. न उघडलेले कोरडे यीस्ट थंडीत दीर्घकाळ टिकते.

दुसरे, हा धागा वाचून कुणी आपल्या घरी हंडा मांडायचा विचार करत असेल तर त्याने थांबावे. मध्य प्रदेशात १९१५ चा आबकारी कायदा लागू आहे आणि विनापरवाना मद्य तयार करणे, मग ते स्वतःपुरते का असेना, कलम ३४ खाली गुन्हा आहे. मल्हारगंजकर परवान्याच्या छताखाली काम करतात म्हणून त्यांचा प्रश्न वेगळा. बाकीच्यांनी इंग्लंड-अमेरिकेतले व्हिडिओ पाहून आपल्याकडेही तसेच चालते असे समजू नये.

---

कोठीवाली

परदेशीपुरा यांचे कायद्याविषयीचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. यीस्टविषयीचे निम्मे बरोबर आहे. महिन्याला एकच बॅच होणार असेल तर पाकीटच बरे, हे मलाही मान्य. पण मल्हारगंजकरांच्या शेजारी मोठ्या टाक्या आहेत हे विसरू नये. मुख्य टाकीत तेच यीस्ट असेल तर तिथल्या शंकूच्या तळातून आदल्या दिवशी काढलेली अर्धा लिटर स्लरी मागून घेता येईल, आणि मग साठवणुकीचा प्रश्नच उरणार नाही. काढताना झडप उघडल्यावर पहिला गडद, गुठळ्यांचा भाग सोडून द्यावा आणि रंग एकसारखा साईसारखा झाला की मग बरणी धरावी. मला तर तुमच्या परिस्थितीत हाच मार्ग सर्वांत सरळ वाटतो.

गाळावरच नवे वर्ट ओतण्याविषयी. तुमच्या सहकाऱ्यांना काही तासांत फेस दिसतो यात नवल नाही, कारण एका बॅचमध्ये यीस्ट तीन ते पाच पट वाढते आणि तो सगळा गाळ दुसऱ्या बॅचला लावला म्हणजे गरजेच्या कितीतरी पट यीस्ट घातले. आंबणे झपाट्याने होते, पण नव्या पेशी फारशा जन्मत नाहीत. पुढच्या पिढीला म्हणून जे यीस्ट उरते त्यात म्हाताऱ्यांचाच भरणा असतो. फळांसारखे वास पेशी वाढतानाच्या काळात तयार होत असल्यामुळे जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर अशी केली तर तिचा केळ्याचा वास उणावतो. त्यात मागच्या बिअरचा ट्रब, हॉप्सचा चुरा आणि भांड्याच्या कडेला वाळलेला फेस हे सगळे नव्या बिअरमध्ये येते. खूप जड बिअर, समजा १.०८० च्या वरची, करायची असेल आणि तिच्यानंतर ते यीस्ट टाकूनच द्यायचे असेल, तर गाळाचा मोठा भाग तिला लावणे मी समजू शकते. रोजच्या कामासाठी नाही.

आम्लाने धुण्याविषयी सर अधिक अधिकाराने सांगतील, पण माझे मत स्पष्ट आहे की तुमच्या पातळीवर ते करू नये. त्यात फॉस्फोरिक आम्लाने स्लरीचा सामू २.० ते २.२ पर्यंत खाली आणून, ४ अंशांच्या खाली ठेवून, सतत ढवळत, तास-दोन तासांच्या आत ती वर्टमध्ये घालावी लागते. एकही गोष्ट इकडची तिकडे झाली तर जिवाणूंच्या आधी यीस्टच मरते.

---

भिंगवाला

ताईंशी पूर्ण सहमत आहे. पाश्चरने यीस्ट शुद्ध करण्यासाठी टार्टारिक आम्ल सुचवले होते तेव्हापासून ही कल्पना चालत आली आहे, पण तिची मर्यादाही तेव्हापासूनचीच आहे: आम्लाने जिवाणू मरतात, रानटी यीस्ट मरत नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये एका पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट ब्रुअरीत आणले ते याच अडचणीतून. बिघडलेले यीस्ट धुऊन सुधारण्याची खटपट सोडून त्यांनी पुन्हा शुद्ध बीजापासून सुरुवात करण्याची सोय केली. तुमच्याकडे ती सोय पाकिटाच्या रूपाने तयार आहे. शंका आली की बरणी मोरीत आणि नवे पाकीट वर्टमध्ये.

---

मल्हारगंजकर

आता पिढ्यांचा प्रश्न तेवढा राहिला. मोठ्या टाकीतून स्लरी घ्यायची ठरवली तर किती वेळा? आणि आमच्या यादीत फिकट एल, स्टाउट, एक भरपूर हॉप्सची आयपीए आणि सेझॉन ही बेल्जियन पद्धतीची बिअर असे चार प्रकार आहेत. कोणत्यातून यीस्ट काढलेले चालते?

---

कोठीवाली

ब्रुअऱ्यांमध्ये साधारण पाच ते दहा पिढ्या चालवतात, पण त्यांच्याकडे रोज मोजणी होते. तुम्ही तीन, फार तर चार धरा. आकड्यापेक्षा लक्षणांवर भर द्या: सुरुवातीला लागणारा वेळ दर पिढीला वाढत असेल, शेवटची घनता दोन अंकांनी जरी वर थांबू लागली असेल, यीस्ट पूर्वीसारखे गुठळून खाली न बसता बिअर गढूळ ठेवत असेल, किंवा स्लरीला सोया सॉससारखा, मांसाच्या रश्शासारखा वास येत असेल, तर तिथेच थांबायचे. तो शेवटचा वास पेशी फुटल्याचा. मार्माइट हा ब्रेडला लावायचा पदार्थ यीस्टपासूनच करतात, त्याची चव ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो लगेच ओळखू येईल.

आपण कोणत्या वेळी यीस्ट काढतो यानेही पिढ्यांचा स्वभाव बदलतो. नेहमी सगळ्यात आधी तळाला बसणारे यीस्टच उचलत राहिलात तर हळूहळू काम अर्धवट टाकून खाली बसणाऱ्या पेशींचीच निवड होते आणि बिअर गोड राहू लागते. नेहमी वरचे, उशिरा बसणारे उचललेत तर उलट, बिअर निवळतच नाही. म्हणून मधल्या थराचा आग्रह.

यादीपैकी फिकट एल ही आई समजा. तिच्यातून काढलेले यीस्ट स्टाउटला चालेल, आयपीएला चालेल. स्टाउटमधून काढलेले फिकट एलला लावू नये, रंग आणि भाजल्या माल्टची चव मागे येते. आयपीएमधून काढूच नये. हॉप्सची राळ पेशींना चिकटून बसते आणि कोरडे हॉप्स घातले असतील तर तो चुरा वेगळा करणे अशक्यच होते. १.०६० च्या पुढच्या बिअरमधले यीस्टही अल्कोहोलने थकलेले असते, ते पुढे नेण्यात अर्थ नाही.

सेझॉनच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. सेझॉनच्या कित्येक प्रकारांत डायास्टॅटिकस जातीचे यीस्ट असते. ते एक विकर सोडून, इतर यीस्ट ज्यांना हात लावत नाही अशा लांब साखळीच्या शर्करा तोडते आणि खात राहते. त्याच्या थोड्याशा पेशी जरी फिकट एलच्या स्लरीत गेल्या, तरी टाकीत काही कळत नाही. बाटलीत भरल्यावर आठवड्यांनी वायू वाढत जातो, बिअर उसळून बाहेर येते, कधी काच फुटते. मेथिलीन ब्लू लावून भिंगाखाली पाहिले तरी ते ओळखू येत नाही, कारण दिसायला दोन्ही सारखीच. म्हणून सेझॉनला नेहमी नवे पाकीट वापरा, तिचे यीस्ट साठवू नका, आणि तिच्यासाठी सिलिकॉनची नळी, झडपेतले रबरी वॉशर आणि नमुना काढायची पिचकारी वेगळी ठेवून त्यांवर लाल टेप लावा. स्टीलचे भांडे गरम कॉस्टिकने धुऊन निर्जंतुक करता येते. रबराच्या फटीतले यीस्ट काही केल्या निघत नाही.